ओढ्यापलीकडचा आवाज

(दिंडीच्या शतकमहोत्सवी सोहळ्यात केलेले भाषण)

राम कृष्ण हरी.



मंडळानं मला सांगितलं, दिंडीच्या इतिहासावर दोन शब्द बोला. माझं शिक्षण चौथी. इतिहास म्हणजे मला काय ठाऊक असणार? आज्यानं सांगितलं ते ऐकलं आणि ऐकलं ते कीर्तनात सांगत आलो. पण गेल्या दोन वर्षांत एका पोरानं मला पुन्हा शाळेत बसवलं. काय शिकलो ते आज सांगणार आहे. त्यात माझी एक चूक आहे, तीही सांगणार आहे. शंभर वर्षं झाल्यावर हार-तुरे घ्यायचे तसा हिशेबही द्यायचा असतो.

तुम्ही सगळ्यांनी माझं ते कीर्तन ऐकलंय. पहिल्या वारीचं. शके १८४७, म्हणजे १९२५ साल. थोरल्या महाराजांनी छत्तीस माणसं घेऊन वारणाकाठावरनं दिंडी काढली. मिरजेच्या पुढं एका ओढ्याकाठी मुक्काम पडला. पहाटे काकड्याला उठायची वेळ झाली, सगळे दमलेले, कुणाला जाग येईना. तवा ओढ्यापलीकडनं आवाज आला. इतका गोड, इतका सुरात, की झोपलेली माणसं उठून बसली. अंधार गुडुप. पलीकडं कोण दिसेना. थोरले महाराज म्हणाले, हा माणसाचा आवाज न्हवं, साक्षात पांडुरंग आपल्याला उठवायला आला. तीस वर्षं मी हे सांगत आलो. सांगताना माझा गळा दाटून यायचा, ऐकणाऱ्यांचे डोळे भरायचे. कितीकदा बायाबापड्यांनी उठून पाया पडलेल्या आहेत.

दोन वर्षांपूर्वी आपल्याच गावचं एक पोरगं माझ्याकडं आलं. कोल्हापुरात नोकरी करतंय. तिशीतलं. खालच्या आळीतलं, म्हणजे ज्याला पूर्वी महारवाडा म्हणत तिथलं. त्यांच्या घरानं १९५६ नंतर बाबासाहेबांच्या मागं बौद्ध धम्म घेतला आणि पंढरीची वाट सोडली. ते म्हणालं, "महाराज, मला पहिल्या वारीवर कादंबरी लिहायची आहे. तुमच्याकडनं माहिती पाहिजे."

मी म्हणालो, "बस बाळ, माझं कीर्तन ऐकलंस का?"

म्हणालं, "लहानपणी देवळाबाहेर बसून ऐकलंय. पण मला त्यातलं सगळं खरं आहे का ते बघायचंय."

मला जरा राग आला. पण आलेल्याला परत पाठवायचं नसतं. बसवलं, चहा दिला. मग त्यानं जे प्रश्न विचारायला सुरुवात केली, काय सांगू तुम्हाला! भाकरी ज्वारीची होती का नाचणीची? पीठ बरोबर नेलं का वाटेत दळून घेतलं? कंदील किती होते? रॉकेल कुठं मिळायचं? पायात काय होतं? बैलगाडी होती तर पेंड-वैरणीचं काय केलं? आजारी पडलं तर काय? मी म्हणालो, अरे, कादंबरी भक्तीवर लिहायची का भुसारी दुकानावर? ते हसलं. म्हणालं, "महाराज, माणूस काय खातोय आणि कुठं झोपतोय हे कळल्याशिवाय तो काय विचार करतोय हे मला कसं कळणार?"

मी सांगितलं, आपली दिंडी आष्ट्यावरनं सांगलीवाडीला आली आणि आयर्विन पुलावरनं सांगलीत शिरली. त्यानं वही मिटली. म्हणालं, "महाराज, आयर्विन पूल १९२९ साली झाला. पहिली वारी १९२५ ची. कृष्णा नावेतनं ओलांडली असणार." मी गप्प. पुढं सांगितलं, येताना म्हातारी माणसं पंढरपूर ते मिरज रेल्वेनं आली. तर म्हणालं, "बार्शी लाइटची छोटी गाडी मिरजेपर्यंत १९२७ ला आली. त्याआधी ती पंढरपूरपर्यंतच होती." म्हणजे माझ्या कीर्तनात माणसं दोन वर्षं आधीच गाडीत बसली होती! मला हसू आलं आणि लाजही वाटली. काय झालं असेल? पुढच्या सालच्या वाऱ्या आज्याच्या बोलण्यात पहिल्या वारीत मिसळल्या आणि मी त्या तशाच उचलल्या.

ऊस करणाऱ्याला हे कळेल. एकदा लावण केली की तोडणीनंतर खोडवा येतो. दुसरा खोडवा, तिसरा खोडवा. दरवर्षी वर हिरवंगार दिसतं, पण खाली बुडखा जुना होत जातो, हुमणी लागते. एक दिवस नांगर घालून बुडखं उपटावंच लागतं. माझ्या गोष्टीचा तीस वर्षांचा खोडवा झाला होता.

मग मीच त्याला विचारलं, हे असं खोदून लिहायची रीत असते काय रे? माझा समज, कादंबरी म्हणजे मनाला येईल ते लिहायचं. त्यानं मला समजावलं. आपला कोल्हापूर जिल्हा तर या कामात मोठा. कोवाडच्या रणजित देसाईंनी १९६२ साली 'स्वामी' लिहिली, माधवराव पेशव्यांवर. आजऱ्याच्या शिवाजी सावंतांनी १९६७ साली 'मृत्युंजय' लिहिली, कर्णावर, आणि पुढं संभाजी महाराजांवर 'छावा'. देसाईंनी शिवाजी महाराजांवर 'श्रीमान योगी' लिहिली, तिला नांदेडच्या नरहर कुरुंदकरांचं लांबलचक पत्र प्रस्तावना म्हणून लावलंय. शिवाजी महाराज खरे कसे समजून घ्यायचे, कागद काय सांगतात, आपण काय धरून चालतो, याची त्यात चर्चा आहे. मला त्यातली एक गोष्ट लई आवडली. देसाईंनी ती चर्चा घरात ठेवली न्हाई, पुस्तकाच्या पुढंच छापली. वाचणाऱ्यानं आधी चिकित्सा वाचावी, मग कादंबरी.

आणखी एक त्यानं सांगितलं ते आपल्या वाटेवरचं. दि. बा. मोकाशी नावाचे लेखक होते. १९६१ साली ते माऊलींच्या पालखीबरोबर आळंदीहून पंढरपूरला चालत गेले. ना मानकरी, ना टाळकरी, नुसतं बघत, ऐकत. त्यावर 'पालखी' हे पुस्तक १९६४ ला आलं. आणि पुढं १९७४ ला त्यांनी 'आनंदओवरी' ही तुकोबारायांवरची कादंबरी लिहिली. तुकोबा दिसेनासे झालेत आणि धाकटा भाऊ कान्होबा त्यांना शोधतोय, अशी. पोरगं म्हणालं, "तीनशे वर्षांपूर्वीचा माणूस कसा चालला असेल हे कळायला आधी आपले पाय दुखवून घ्यावे लागतात."

हे ऐकलं आणि माझा राग गेला. आपणही तेच म्हणतो की. वारी सांगून कळत न्हाई, चालून कळती.

त्यानं लई कष्ट घेतले. सुट्टीच्या दिवशी करवीर नगर वाचन मंदिरात बसायचं. ते वाचनालय १८५० सालचं. पुरालेखागारात जाऊन संस्थानचे जुने कागद बघायचं. मोडी शिकलं. तवा कळलं, आपली पहिली दिंडी एका राज्यातनं गेलीच न्हाई. आपलं गाव कोल्हापूर संस्थानात. वारणा ओलांडली की आष्टा इंग्रजांच्या सातारा जिल्ह्यात. कृष्णेपाशी सांगली संस्थान, पुढं मिरज संस्थान, आणि सांगोला-पंढरपूर पुन्हा इंग्रजांचं. आज आपण म्हणतो सांगली जिल्हा. तवा तसा जिल्हाच नव्हता. तो १९४९ ला दक्षिण सातारा म्हणून झाला आणि १९६० ला त्याचं नाव सांगली पडलं. छत्तीस माणसं विठ्ठलाचं नाव घेत एवढ्या सरकारांतनं पायी गेली, हे मला साठीनंतर कळलं.

मग त्यानं विचारलं, "महाराज, पहिल्या वारीची वही कुठं आहे का?"

वही होती. आमच्या देव्हाऱ्याच्या फळीवर, लाल फडक्यात बांधलेली. थोरले महाराज आमच्या आज्याकडं देऊन गेले होते. दर दसऱ्याला आम्ही तिला हळद-कुंकू वाहतो. मोडीत असल्यामुळं आमच्या घरात तीन पिढ्यांत कुणी ती वाचलेली न्हाई. पूजा केली, पण वाचली न्हाई. मी ती सोडून त्याच्या पुढं ठेवली.

ते वाचत गेलं, मी ऐकत गेलो. थोरल्या महाराजांचा हिशेब पैशा-पैशाचा. नावाड्याला किती, रॉकेलला किती, बैलाच्या पत्रीला किती. प्रत्येक मुक्कामी पंगतीत असामी किती. मी मोजत होतो. चौतीस. पुढच्या मुक्कामी चौतीस. परवाच्या मुक्कामी चौतीस. मी म्हणालो, माणसं तर छत्तीस होती. त्यानं बोट खालच्या ओळीवर ठेवलं आणि वाचलं, "कोरडा शिधा, असामी दोन. मुक्काम ओढ्यापलीकडे."

माझ्या लक्षात आलं, पण मी कबूल झालो न्हाई. म्हणालो, "कोरडा शिधा सोवळ्यातले ब्राह्मणही घ्यायचे. आपल्या हातानं रांधून खायचे. त्यातले असतील."

ते शांतपणे म्हणालं, "असतील. पण मग त्यांना ओढ्यापलीकडं का ठेवलं?"

मला उत्तर देता आलं न्हाई.

मग त्यानं सांगितलं. त्या दोघांतला एक त्याचा पणजोबा. त्यांच्या घरात पिढ्यानपिढ्या सांगत आलेत की आपला म्हातारा पहिल्या वारीला गेला होता आणि त्याचा आवाज लई गोड होता.

मंडळी, मी तिथंच बसून राहिलो. चहा गार झाला. ओढ्यापलीकडचा आवाज! तीस वर्षं मी ज्याला पांडुरंग म्हणून हात जोडले, तो आपल्याच गावचा माणूस होता. त्याला पंगतीत बसू दिलं न्हाई, ओढ्याच्या अलीकडं झोपू दिलं न्हाई, म्हणून त्याचा आवाज पलीकडनं आला.

तरी माझं मन वकिली करत होतं. मी म्हणालो, आमच्या आज्यानं तर सांगितलं की पलीकडं कोण दिसलं न्हाई. त्यानं पिशवीतनं कागद काढला. त्या सालच्या पंचांगावरनं तिथी लिहून आणली होती. मिरजेपुढचा मुक्काम आषाढ शुद्ध चतुर्थीचा. चतुर्थीचा चंद्र रात्रीच मावळतो. पहाटेला मिट्ट अंधार. दिसणार कसं? पण आवाज कुणाचा हे त्या छत्तीस जणांना ठाऊक असणारच. रोज ऐकत होते. पहिल्या पिढीला माणूस ठाऊक होता. दुसऱ्या पिढीनं नाव गाळलं. तिसऱ्या पिढीनं, म्हणजे मी, त्याचा देव केला. देव केला की बरं पडतं. देवाला पंगतीला का बोलावलं न्हाई असं कुणी विचारत न्हाई.

त्या वैशाखात आम्ही दोघं त्या ओढ्यावर गेलो. एसटीनं मिरज, पुढं चालत. ओढा कोरडा होता. मी अलीकडं थांबलो, ते पलीकडं गेलं. मी मोजलं, साठ-सत्तर पावलं. मी नुसतं "राम कृष्ण हरी" म्हणालो, ते पलीकडं लख्ख ऐकू गेलं. आवाजाला ओढा आडवा येत न्हाई. भाकरीला आला.

परत आल्यावर मी त्याच्या आजीकडं गेलो. त्या माऊलीचं वय पंच्याऐंशीच्या पुढं. गाणारा माणूस तिचा सासरा. माझं सगळं आयुष्य याच गावात गेलं, पण त्यांच्या उंबऱ्याच्या आत मी पहिल्यांदा बसलो. मी म्हणालो, "मावशी, तुमच्या मामंजींचं काय सांगता येईल?"

ती म्हणाली, "पहाटेचं गायचे. शेवटपर्यंत गायचे. धम्म घेतल्यावरबी गळा तसाच. म्या एकदा इचारलं, मामंजी, वारी का सोडली? तर म्हणाले, गाणं मागायचे, पोरी. जेवलास का, असं कुणी इचारलं न्हाई."

बास. एवढंच. ती रागानं बोलली न्हाई. मला चहा दिला. मी घेतला आणि घरी आलो. त्या रात्री मला झोप लागली न्हाई.

आता काही मंडळी म्हणतील, आणि मंडळाच्या बैठकीत म्हणालीही, की महाराज, शंभर वर्षांच्या सोहळ्यात हे कशाला? थोरल्या महाराजांना कमीपणा येतो. मी त्यांना हात जोडून सांगितलं, ही वही दुसऱ्या कुणी लिहिलेली न्हाई, थोरल्या महाराजांनीच लिहिलीय. त्यांना लपवायचं असतं तर ती ओळ लिहिलीच नसती. दोघांना बरोबर नेलं हेही त्याच वहीत आहे आणि ओढ्यापलीकडं ठेवलं हेही त्याच वहीत आहे. आपण एक वाचायचं आणि दुसरं झाकायचं, हा त्यांचा मान न्हवं.

आणखी कुणी म्हणतील, तो काळच तसा होता. हे मीही त्या पोराला म्हणालो होतो. त्यानं मला काळ दाखवला. पहिल्या वारीच्या पाच वर्षं आधी, मार्च १९२० ला, आपल्या हातकणंगल्याजवळच्या माणगावात परिषद झाली. शाहू महाराज स्वतः आले होते, बाबासाहेब आंबेडकर अध्यक्ष होते. त्याआधी १९१९ ला महाराजांनी हुकूम काढले होते, सरकारी विहिरी, शाळा, दवाखाने इथं शिवाशिव पाळायची न्हाई. म्हणजे त्या काळात वेगळं सांगणारी माणसंही होती, आणि लांब न्हवं, आपल्या शिवाराजवळ होती. हुकूम दवाखान्यापर्यंत गेला, आपल्या पंगतीपर्यंत आला न्हाई.

आणि आपली एकट्याची दिंडी तशी होती असंही न्हाई. इरावतीबाई कर्वे वारीला चालल्या होत्या, त्यांनीही लिहून ठेवलंय की भजनाला सगळे एक आणि जेवायला मात्र जातीजातीनं वेगळे. पंढरीच्या देवळाचं दार सगळ्यांना उघडावं म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात दहा दिवस उपास करावा लागला. तो त्यांनी तनपुरे महाराजांच्या मठात केला. मठ वारकऱ्याचाच होता, हेही लक्षात ठेवा. आपल्यातही दार उघडणारे होते. चोखोबांची समाधी नामदेव पायरीपाशी, दाराच्या बाहेर आहे. आपण दर वारीला तिथं डोकं टेकतो. चोखोबांच्या पाया पडायचं आणि आपल्या गावच्या चोखोबाचं नाव विसरायचं, हे कसं चालेल?

मी त्या पोराला शेवटी विचारलं, "तुझ्या कादंबरीत आता तू काय लिहिणार?"

ते म्हणालं, "ओढा, शिधा, अंधार, तिथी, नाव, गाडी, यातलं मी काही बदलणार नाही. पण त्या रात्री पणजोबा पलीकडं बसून काय मनात आणत होता, गाताना त्याला राग आला का रडू आलं, हे वहीत नाही. ते मला माझ्या मनानं लिहावं लागेल. आणि ते मी मनानं लिहिलंय, हे वाचणाऱ्याला सांगीन."

मंडळी, हाच नियम मी आता कीर्तनाला लावलाय. भाव माझा, तो मी कितीही रंगवीन. पण माणूस माझा न्हवं. त्याचं नाव, त्याची जागा, त्याची भाकरी बदलायचा मला अधिकार न्हाई. तुमच्याही गावात असतील अशा गोष्टी. कुठल्या दिंडीला आवाज आला, कुठं कुणी न मागता पाणी दिलं, कुठं कुणी वाट दाखवली आणि दिसेनासं झालं. देवानं केलं म्हणताना एकदा विचारा, तिथं माणूस कोण होता?

माझं मंडळाकडं मागणं तीन गोष्टींचं आहे. पहिलं, या स्मरणिकेत वहीचं ते पान जसंच्या तसं छापावं, खाली देवनागरीत अर्थ देऊन. देसाईंनी पुस्तकाच्या पुढं चिकित्सा छापली, आपण निदान आपला हिशेब छापू. दुसरं, पहिल्या वारीच्या माणसांची यादी देवळाच्या भिंतीवर लागणार आहे, तीत चौतीस न्हवं, छत्तीस नावं असावीत. दोन नावं त्यांच्या घरच्यांना विचारून घ्यावीत. ते नको म्हणाले तर जागा मोकळी ठेवावी, पण यादी छत्तीसचीच असावी. तिसरं, पुढच्या आषाढीला त्या ओढ्यावर मुक्काम पलीकडच्या काठाला करावा. तिथं पंगत बसवावी. त्या घराला आमंत्रण मी स्वतः देऊन येईन. त्यांनी यावं असा हट्ट न्हाई. त्यांची वाट त्यांनी विचार करून धरलीय. पण जेवलास का, हे आपण शंभर वर्षांत विचारलं न्हाई, ते एकदा विचारायचंच.

माझ्या कीर्तनाला रडलेल्या सगळ्या मायबहिणींची मी क्षमा मागतो. तुमचं रडणं खोटं नव्हतं, माझी गोष्ट अर्धी होती. या वर्षीपासनं पुरी सांगतो. आवाज ओढ्यापलीकडनंच येईल, पण आता मी सांगीन तो कुणाचा.

बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर पदरात घ्या.

राम कृष्ण हरी.